उश्मालच्या वाटेवरची चौकी

मेक्सिकोच्या सहलीची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात त्या सहलीचा विषय निघाला की माझा नवरा फक्त "कल्पना कुणाची होती?" एवढंच विचारतो आणि कप उचलून दुसऱ्या खोलीत जातो. कल्पना माझी होती, तिकिटं मी बघितली होती, आणि त्या दोघांना आमच्याबरोबर चला म्हणून आग्रहही मीच केला होता.

ते दोघं म्हणजे माझी मैत्रीण आणि तिचा नवरा. डॅलसजवळच्या फ्रिस्कोत आमची घरं एकाच वस्तीत आहेत, मध्ये फक्त दोन गल्ल्या. ओळख मात्र त्याआधीची. टेक्ससमध्ये आम्ही नवीन होतो तेव्हा एका जुनाट अपार्टमेंटमध्ये ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती पुण्याची, मी नागपूरची. तिच्या आमटीत गूळ जास्त आणि माझ्या रश्शात तिखट जास्त, यावरून आम्ही पंधरा वर्षं भांडलो आणि पंधरा वर्षं एकमेकींकडे जेवलो. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी तिने आठ दिवस माझं घर चालवलं. तिचे वडील गेले तेव्हा विसाच्या घोळामुळे तिला जाता आलं नाही, तेव्हा अंत्यविधी तिने माझ्या सोफ्यावर बसून फोनवर पाहिला. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी तिच्यावर चिडलेली आहे, तरी हे खोटं नव्हतं असंच मला वाटतं.

इथे आमच्यासारख्यांच्या आयुष्यात दर महिन्याला एक सण येतो. सरकार एक तक्ता प्रसिद्ध करतं, त्याला बुलेटिन म्हणतात. ग्रीन कार्डाची रांग कुठल्या तारखेपर्यंत पोचली ते त्यात दिलेलं असतं. तुमचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर तुमचा नंबर लागला, नसेल तर बसा. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की तारीख कधी दोन आठवडे पुढे सरकते, कधी जागची हलत नाही आणि कधी चक्क मागे जाते. तक्ता आला की त्या संध्याकाळी दोन्हीपैकी एका घरी चहा, कांदाभजी आणि मनसोक्त शिव्या असा आमचा कार्यक्रम असायचा. शिव्या देण्यात मैत्रिणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मुडदा बसवला त्या तारखेचा," असं ती म्हणाली की हसू यायचं आणि पुढचा महिना ढकलायला थोडं बळ यायचं.

माझा जीव त्या तारखेत दुसऱ्याच कारणासाठी अडकला होता. माझी लेक नागपुरात जन्मली आणि तीन वर्षांची असताना इथे आली. इथेच बोलायला शिकली, इथेच तिचे दात पडले, इथेच ती गाडी चालवायला शिकली. पण कागदावर ती आमच्या विसाला लटकलेली होती, आणि ते लटकणं एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच चालतं. त्या दिवसापर्यंत आमचं ग्रीन कार्ड आलं नाही तर या देशाच्या हिशेबात ती आमचं मूल राहत नाही. मग तिने स्वतःचा वेगळा विसा शोधायचा, नाहीतर निघायचं. तिचा एकविसावा वाढदिवस फेब्रुवारीत होता. सहल डिसेंबरात होती. मैत्रिणीचा मुलगा माझ्या लेकीच्याच वयाचा, फक्त चार महिन्यांनी लहान, म्हणून हा घोर आम्ही दोघी जोडीने वाहतो आहोत असं मी धरून चालले होते.

यात टोरांटोचं एक प्रकरण आहे, तेही इथेच सांगायला हवं. पाच वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला कंपनीने टोरांटोच्या ऑफिसात वर्षभर मॅनेजर म्हणून जायला सांगितलं होतं. तसं वर्षभर बाहेर काम करून परत आलं की ग्रीन कार्डासाठी वेगळ्या, आखूड रांगेत उभं राहता येतं. आम्ही दोघं जवळजवळ तयार झालो होतो. मैत्रिणीचा नवरा तेव्हा त्याच कंपनीत होता. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो म्हणाला, "वेडा आहेस का यार? पोरगी हायस्कूलला. एक वर्ष तू तिकडे, या दोघी इकडे. आणि एवढं करूनही केस होईल याची काय गॅरंटी?" माझा नवरा मुळातच घाबरट. त्याने नाही म्हणून कळवलं. सहा महिन्यांनी त्याच जागेवर मैत्रिणीचा नवरा गेला. "त्याला ढकललंच गं ऑफिसने, काय करणार," असं ती म्हणाली होती. ते वर्षभर त्यांचं अंगण आम्ही कापलं, तिच्या मुलाला टेनिसला आम्ही सोडलं, आणि कडाक्याच्या थंडीत त्यांच्या घरातला पाइप फुटला तेव्हा माझा नवरा गुडघाभर पाण्यात उभा होता. तिचा नवरा परत आल्यावर त्या वेगळ्या रांगेचं काय झालं असं मी एकदाच विचारलं. "वकील म्हणतो केस वीक आहे," ती म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला.

तर सहल. लेकीने कॉलेज दीड वर्ष आधीच संपवलं होतं. पुढे काय, हे कुणी बोलत नव्हतं. मला वाटत होतं की वाढदिवस येण्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा कुठेतरी जाऊन यावं. माया लोकांची पडकी देवळं, जुनी स्पॅनिश गावं, रोज वेगळा मुक्काम, आणि सहा माणसांना एक व्हॅन. मैत्रिणीच्या नवऱ्याने लगेच तक्ता केला. कुठल्या अवशेषांना किती मिनिटं, कुठे जेवण, कुठे लघवीला थांबायचं, सगळं वेगवेगळ्या रंगांत. मैत्रिणीने दशम्या केल्या, दाण्याची चटणी केली, रव्याचे लाडू केले आणि बॅगेत इलेक्ट्रिक कुकर भरला. माझ्याकडे नेहमीप्रमाणे कागदपत्रांची फाइल होती. आमच्या प्रत्येक सहलीत सहाही पासपोर्ट माझ्याकडे असतात, कारण बाकी सगळे विसराळू आहेत. या वेळी विमानतळावर मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू देत गं माझ्याकडे. तू किती सांभाळशील?" मला बरंच वाटलं. म्हटलं, हिला उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

पहिले तीन दिवस चांगले गेले, हे मला नाकारता येत नाही. चिचेन इत्सात जत्रेसारखी गर्दी होती. दर दहा पावलांवर लाकडी मुखवटे विकणारे, आणि वाघासारखी गुरगुरणारी शिट्टी वाजवून लहान मुलांना दचकवणारे विक्रेते. मोठ्या पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवली की वरून एखाद्या पाखराच्या ओरडण्यासारखा प्रतिध्वनी येतो. मैत्रिणीच्या नवऱ्याने तो आम्हाला सात वेळा ऐकवला आणि पायऱ्यांचं गणित समजावलं. मुलं मागे राहून आपापसात हसत होती. वायादोलिद नावाच्या गावात आम्ही रंगीत भिंतींच्या गल्ल्यांतून हिंडलो, आणि जमिनीच्या पोटात असलेल्या पाण्याच्या एका गुहेत मैत्रीण आणि मी सलवार-कमीजवरच उतरलो. पाणी इतकं गार होतं की दोघी एकदम किंचाळलो. वर उभ्या असलेल्या पोरांनी "ओ माय गॉड" करत तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी इसामाल लागलं. सगळं गाव पिवळं, आणि मध्ये उंचावर एक भलामोठा मठ. तिथली गाइड बाई त्याच गावची होती. तिने शांतपणे सांगितलं की या जागी मायांचं मोठं देऊळ होतं, स्पॅनिश लोकांनी ते पाडलं आणि त्याच्याच दगडांनी हा मठ बांधला. एका कमानीखालचा दगड तिने दाखवला, त्याच्यावर जुनी नक्षी तशीच होती. मैत्रीण म्हणाली, "काय माणसं असतील! दुसऱ्याच्या घराचे चिरे काढून आपलं घर बांधायचं, आणि वर प्रार्थना करायची." हे ती म्हणाली, मी नाही. मी मान डोलावली.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही मेरिदाहून उश्मालला निघालो. उश्माल ही माझी निवड होती. तिथे गर्दी कमी असते असं मी वाचलं होतं. मैत्रिणीचा नवरा गाडी चालवत होता, माझा नवरा शेजारी नकाशा बघत होता, आम्ही दोघी मधल्या सीटवर, मुलं मागे. शहर सोडून थोडं पुढे गेल्यावर रस्त्यात चौकी लागली. एक तरुण अधिकारी खिडकीशी आला, हसून काहीतरी बोलला. एवढंच कळलं की पासपोर्ट हवेत. मी फाइल उघडून आमचे तीन काढले. मैत्रीण पर्समध्ये हात घालून बसली होती, काही काढत नव्हती. तिचा नवरा आरशात बघून म्हणाला, "दे ना लवकर." मागे गाड्या थांबल्या होत्या. तिने शेवटी एक पाऊच काढला आणि पुढे द्यायला माझ्या हातात दिला. त्याची चेन नीट लागलेली नव्हती.

तीन पासपोर्ट होते, आणि त्यांच्यामधून सरकून एक कार्ड माझ्या मांडीवर पडलं. मग पाऊचमध्ये आणखी दोन दिसली. पंधरा वर्षं ज्या वस्तूचा फोटो आम्ही संगणकावर बघत आलो, ती ओळखायला मला चष्मा लागला नाही. कधीपासून रहिवासी, ती तारीखही त्यावर छापलेली असते. मागच्या वर्षीचा जून होता. मी कार्ड आत सरकवलं, चेन लावली आणि पाऊच पुढे दिला. अधिकाऱ्याने सगळं पाहिलं, परत केलं आणि हात हलवून निरोप दिला. गाडी निघाली. मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती झुडपं होती. माझा नवरा म्हणाला, "पुढे डावीकडे घे." त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

उश्मालपर्यंत माझ्या डोक्यात एकच आकडा घुमत होता. अठरा महिने. म्हणजे अठरा बुलेटिनं. म्हणजे कार्ड घरात असताना ती अठरा वेळा माझ्यासमोर बसली, भजी खाल्ली, कपाळाला हात लावला आणि त्या तारखेचा मुडदा बसवला. मागच्या महिन्यात तारीख हलली नाही तेव्हा तर तिने टेबलावर मूठ आपटली होती. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. आणि मग जून आठवला. त्या जूनमध्ये त्यांच्या घरी सत्यनारायण होता. "असाच गं, मुलाचं कॉलेजचं पहिलं वर्ष पार पडलं म्हणून," असं ती म्हणाली होती. शिरा माझा चांगला होतो म्हणून प्रसाद मी केला होता. सव्वाच्या मापाने, सोवळ्यात, केळं घालून. त्यांच्या ग्रीन कार्डाच्या पूजेचा प्रसाद मी ढवळला, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आरतीत मी देवाकडे काय मागितलं होतं तेही मला आठवलं. ते इथे लिहीत नाही.

उश्मालला आत गेल्यावर मुलं पुढे पळाली. समोर गोल कडांचा उंच पिरॅमिड होता, त्याच्या पायऱ्यांवर मोठाले सरडे ऊन खात पडले होते. आम्ही चौघं गव्हर्नरच्या महालाच्या चौथऱ्यावर चढलो. भिंतीवर पावसाच्या देवाचे लांब नाकाचे मुखवटे ओळीने कोरलेले आहेत. मैत्रिणीच्या नवऱ्याने फोनवर बघून, इथे नदी नाही, विहीर नाही, सगळं पावसावर होतं, असं वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, "त्या सत्यनारायणाचा शिरा मी केला होता."

त्याने फोन खाली घेतला. मैत्रिणीच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं, जणू ते दीड वर्ष तयारच होतं. माझ्या नवऱ्याला काही कळेना. "कसला शिरा?" तो म्हणाला. मग मीच त्याला सांगितलं, मोजून दोन वाक्यांत. तर त्याने काय करावं? हात पुढे केला आणि म्हणाला, "अरे, काँग्रॅच्युलेशन्स!" खरंच म्हणाला. मैत्रिणीच्या नवऱ्याने तो हात धरला. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर माझ्या नवऱ्याचा. टोरांटोचं त्याच्या लक्षात यायला आणखी मिनिटभर लागलं. ते चेहऱ्यावर दिसलं. मग तो म्हणाला, "मी जरा सरड्यांचे फोटो काढतो," आणि पायऱ्या उतरून गेला.

"सांगणार होते गं," मैत्रीण म्हणाली. "देवाशपथ सांगणार होते."

"कधी? आमची पोरगी गेल्यावर?"

"सासूबाई म्हणाल्या, कार्ड हातात येईपर्यंत कुणाला बोलू नका, नजर लागते."

"हातात येऊन दीड वर्ष झालं. अजून किती नजर लागायची होती? माझी लागली असती का?"

"तसं नाही. मग उशीर झाला. दर महिन्याला वाटायचं आज सांगू, आणि तू भजी तळत असायचीस. तुझा चेहरा बघून धीर व्हायचा नाही. वाटलं, तुमची तारीख येईल, मग दोघींचं एकदम..."

"आणि केस वीक होती ती?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिचा नवरा म्हणाला, "केस खरंच वीक होती वहिनी. आम्हालाही वाटलं नव्हतं होईल."

"टोरांटोला तुम्ही माझ्या नवऱ्याला जाऊ दिलं नाहीत," मी म्हटलं. "आमच्या टेबलाशी बसून, माझ्या हातचं जेवून."

"मी मला वाटलं ते सांगितलं. डिसीजन तुमचा होता."

हे शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून ते जास्त लागलं. निर्णय आमचाच होता. कुणी आमचा हात धरून ईमेल लिहायला लावली नव्हती. आम्ही घाबरलो, आणि घाबरायला कारण हवं होतं ते त्याने आयतं पुरवलं. आणि आमचं कार्ड आधी आलं असतं तर मी धावत जाऊन सांगितलं असतं का? सांगितलं असतं, असं मी ठासून म्हणते. पण तिच्या मुलाचं काय होणार हे डोळ्यांसमोर असताना, पेढ्यांचा डबा घेऊन तिच्या दारात उभं राहायला मलाही किती दिवस लागले असते कोण जाणे. हे मला आज सुचतं. त्या चौथऱ्यावर सुचलं नव्हतं. तिथे मी तिला एवढंच म्हणाले की आता माझ्याशी बोलू नकोस, आणि पायऱ्या उतरले.

तक्त्याप्रमाणे उश्मालला अडीच तास होते. आम्ही पाऊण तासात परत गाडीत बसलो. एका व्हॅनमध्ये सहा माणसं आणि बोलणं बंद, यासारखी शिक्षा नाही. भांडून दार आपटायचं तर ते दार आपोआप, हळूच सरकत बंद होतं. मैत्रिणीने लाडवांचा डबा पुढे केला. मी घेतला नाही. माझ्या नवऱ्याने दोन खाल्ले.

मेरिदाच्या मुख्य चौकात पांढऱ्या सिमेंटच्या जोडखुर्च्या आहेत. दोन खुर्च्या एकमेकींत अशा गुंफलेल्या की बसणारे शेजारी असतात आणि तरी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. त्या दिवशी संध्याकाळी बाकीचे हॉटेलात होते, मी आणि लेक तिथे जाऊन बसलो. तिला कसं सांगायचं हे मी जुळवत होते. तिच्या लहानपणापासूनचा मित्र सुटला आणि ती अडकली, हे तिला ऐकवायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी सुरुवात केली, "मावशीकडे ना..."

"आय नो, आई," ती म्हणाली. "कार्ड्स ना? मला माहितीये."

"कधीपासून?"

"त्याने त्याच वीकमध्ये सांगितलं होतं. जूनमध्ये. ही वॉज क्राइंग, ॲक्च्युअली."

समोर माणसं आइस्क्रीम खात चालली होती. दीड वर्ष हीसुद्धा माझ्या समोर बसत होती, भज्यांची ताटली उचलून आत नेत होती.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? तू मावशीशी बोलणं बंद केलं असतंस." ती माझ्याकडे सरळ बघत होती, त्या खुर्चीत दुसरीकडे बघायची सोयच नाही. "आणि तुला इथे दुसरं कोण आहे, आई?"

मी म्हटलं, "तुझं होईल गं अजून. फेब्रुवारीला दोन महिने आहेत. जानेवारीचं बुलेटिन..."

"आई, प्लीज," ती म्हणाली, आणि अगदी हळू, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तशी पुढे म्हणाली, "आय स्टॉप्ड चेकिंग व्हेन आय वॉज सिक्स्टीन."

सोळा. म्हणजे टोरांटोला आम्ही नाही म्हटलं त्याच्या पुढचं वर्ष. आम्ही दोघं नवरा-बायको त्या तक्त्यासमोर चार वर्षं आशा लावून बसलो होतो, आणि जिच्यासाठी बसलो होतो ती कधीच उठून गेली होती. मला तिचा रागही आला. इतकं शहाणं असायचं काही कारण नव्हतं. रडली असती, आमच्यावर ओरडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी चार तास गाडीने कानकून, आणि तिथून विमानाने डॅलस. विमानतळावर उतरल्यावर लांबलचक कॉरिडॉर संपतो तिथे रांगा फुटतात. एक नागरिक आणि कायम रहिवाशांची, दुसरी बाकीच्यांची. याआधी प्रत्येक वेळी आम्ही सहा जण दुसऱ्या रांगेत एकत्र उभे राहिलो होतो, आणि मैत्रीण पुढच्या काउंटरवरचा अधिकारी खडूस आहे की बरा यावर कॉमेंट्री करायची. या वेळी फाट्यापाशी ते तिघं थबकले. तिचा मुलगा माझ्या लेकीकडे बघत उभा राहिला. लेकच म्हणाली, "गो, गो. वी आर फाइन." ते गेले. त्यांची रांग आखूड होती, पाच-दहा मिनिटांत ते पलीकडे दिसेनासे झाले.

आमच्या रांगेत पाऊण तास गेला. नवरा पुढे उभा राहून फाइलमधले कागद पुन्हा पुन्हा चाळत होता. लेक माझ्याजवळ सरकली आणि मराठीत बोलली, एरवी ती तसं आपणहून करत नाही.

"आई, मला जॉब मिळालाय. टोरांटोला. परमिट पण झालं. वाढदिवसाच्या आधी जाते मी."

"टोरांटोला कुणाकडे? कसा मिळाला?"

"काकांनी बघून दिला. त्यांच्या जुन्या ऑफिसमध्ये. फॉर्म्स सगळे त्यांनीच भरले. मावशीने तिकडे रूम पण बघितलीये, तिच्या कुणीतरी कझिनकडे." मग घाईघाईने म्हणाली, "मीच म्हटलं होतं, ट्रिप झाल्यावर सांगू. ते म्हणत होते आधी सांग. त्यांना नको ओरडू."

काउंटरवरचा अधिकारी सभ्य होता. त्याने माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या पासपोर्टवर शिक्का मारून जवळजवळ तीन वर्षांनंतरची तारीख लिहिली. लेकीचा पासपोर्ट घेतला, जन्मतारीख पाहिली, संगणकाकडे पाहिलं आणि तिच्या शिक्क्यावर वाढदिवसाच्या आदल्या दिवसाची तारीख लिहिली. नियमच तसा आहे, त्याने काही वावगं केलं नाही. "किती वर्षं आहेस इथे?" त्याने सहज विचारलं. "सतरा," ती म्हणाली. त्याने मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पासपोर्ट परत दिला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सामानाचा पट्टा थांबलेला होता. ते तिघं गेले नव्हते. मैत्रिणीने आमच्याही बॅगा पट्ट्यावरून उतरवून ओळीने लावून ठेवल्या होत्या. लेकीची निळी, नवऱ्याची काळी, आणि चाक मोडलेली माझी, ती तिने स्वतःच्या पायाला टेकवून उभी केली होती. तिचे डोळे सुजले होते. ती काहीतरी बोलणार होती. मला तिला विचारायचं होतं की ती खोली कशी आहे, ऊन येतं का, त्या बहिणीचा स्वभाव कसा आहे, माझी पोरगी तिथे जेवेल ना. हे सगळं मला फक्त तीच सांगू शकली असती, आणि तासभर बसून सांगितलं असतं. मी बॅगेचा दांडा धरला. पंधरा वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, ते परक्यांना म्हणायचं असतं. मी म्हटलं, "थँक्यू." तिला ते बरोबर कळलं. तिने बॅगेवरचा हात काढून घेतला.